साडेपाचची एसटी आणि सव्वापाचची तालीम

पत्र थोडं कापून देते आहे:

"ताई, मी नववीत आहे. आमची शाळा सांगली जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी आहे. यंदा सरांनी मला नाट्यमंडळाची प्रमुख केलं. आम्ही एका पुस्तकातलं बालनाट्य बसवतोय. डिसेंबरात गॅदरिंगला करणार आणि जानेवारीत आंतरशालेय स्पर्धेला. स्पर्धेची वेळ पाळायला शेवटचा प्रवेश कापलाय. शाळा पाचला सुटते, सव्वापाच ते सात रोज तालीम. राजाचं काम करणारा मुलगा खेड्यातून येतो. काम एकदम भारी करतो, पण आठवड्यातून दोनच दिवस थांबतो. विचारलं की म्हणतो, साडेपाचची एसटी चुकते. वेळ बदलली की आम्ही ग्रुपवर टाकतो, तेही बघत नाही. माझ्या जिवलग मैत्रिणीनं राजाचं सगळं पाठ केलंय. ती म्हणते, मला दे, नाहीतर आपली मैत्री संपली. सरांना विचारलं तर म्हणतात, तू प्रमुख आहेस, तू बघ. मागच्या आठवड्यात मी त्याला सगळ्यांसमोर ओरडले, 'उद्यापासून येऊच नकोस.' तर तो खरंच येत नाहीये. आता बाकीचे म्हणतात मी भाव खाते. पडद्यामागच्या मुली पण कंटाळून निघून जातात. मी त्याला काढू का? का मीच प्रमुखपद सोडू?"

प्रिय मुली,

काढू नकोस आणि सोडूही नकोस. दोन्ही प्रश्नांची उत्तरं आधीच दिली, कारण पुढचं तुला शांतपणे वाचता यावं.

तू लिहिलंस की तो दोनच दिवस थांबतो. मला तेच वाक्य वाचून त्याचं कौतुक वाटलं. पाचला सुटलेला मुलगा सव्वापाचच्या तालमीला थांबला, तर साडेपाचची गाडी गेलीच. मग त्या दोन दिवशी तो घरी कसा जातो, हे तुझ्या पत्रात कुठेच नाही. बहुतेक रात्रीच्या मुक्कामी गाडीनं जात असेल, किंवा कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून. म्हणजे सात ते गाडी सुटेपर्यंत स्टँडवर एकटा, घरी पोचायला नऊ, जेवण, अभ्यास आणि सकाळी पुन्हा पहिली गाडी. एवढं करून तो आठवड्यातून दोनदा राजा होतो. तू न आलेले दिवस मोजलेस, म्हणून तुला तो बेपर्वा दिसला.

हा माझा अंदाज आहे, चूकही असेल. त्यामुळे पहिलं काम हे कर: स्टँडवर जा आणि त्याच्या गावाच्या गाड्यांच्या वेळा बघून ये. फलक पुसट असेल तर चौकशीच्या खिडकीत विचार. आणि त्याच्या एकट्याच्याच नाही, नाटकात असलेल्या प्रत्येक बाहेरगावच्या मुला-मुलीच्या गाडीची वेळ वहीत लिही. मी बरीच वर्षं हौशी नाटकांच्या पडद्यामागं काम केलं आहे. तालमीची वेळ ठरली की अर्धी पात्रनिवड तिथंच होऊन जाते, असं मला वाटतं. सव्वापाच म्हटलं की गावातली, शाळेजवळ राहणारी, घरून 'सातपर्यंत चालेल' असं ऐकलेली मुलं उरतात. बाकीची आपोआप गळतात. त्यांना कुणी काढत नाही, तरी ती नाटकात नसतात. मग लोक म्हणतात, खेड्यातल्या मुलांना आवड नसते.

ग्रुपचंही तेच. नववीतल्या किती मुलांकडे स्वतःचा फोन असतो? फोन वडिलांचा असतो आणि वडील दिवसभर रानात किंवा कामावर असतात. तुझा निरोप त्याला रात्री मिळणार, तोही आठवण राहिली तर. वेळ बदलली की वर्गाच्या फळ्याच्या कोपऱ्यात लिही, आणि ज्याची त्या दिवशी तालीम आहे त्याला मधल्या सुट्टीत तोंडानं सांग. ग्रुप ठेवायचा तर ठेव, पण 'ग्रुपवर टाकलं होतं' हे वाक्य आजपासून बंद.

आता वेळापत्रक. रोज पावणेदोन तास, सगळ्यांना बोलावून तालीम, हे ऐकायला मेहनतीचं वाटतं, पण त्यात फार वेळ वाया जातो. राजा-प्रधानाचा प्रवेश चालू असताना जंगलातले प्राणी काय करतात? भिंतीला टेकून वेफर्स खातात. नेपथ्याच्या मुली काय करतात? त्यांना तर अजून कामच नाही, म्हणून त्या निघून जातात, आणि बरोबर करतात. संहिता घे आणि प्रवेशांप्रमाणे तुकडे पाड. प्रत्येक प्रवेशासमोर कोण कोण लागतं ते लिही. तुझ्या लक्षात येईल की राजा सगळीकडे नाही. जिथं राजा नाही ते प्रवेश आठवड्यात संध्याकाळी घे, गावातल्या मुलांबरोबर. राजाचे प्रवेश शनिवारी.

शनिवारी तुमची शाळा सकाळची असणार. अकरा-साडेअकराला सुटलात की पुढे तीन तास मिळतात. घरून डबा आणा, खा आणि उभे राहा. दुपारी गाड्याही असतात आणि काळोख पडायची भीती नाही, म्हणजे ज्या मुलींना घरून संध्याकाळी थांबू देत नाहीत त्याही येतील. शब्दांची तालीम तर मधल्या सुट्टीतही होते. त्याला उभं राहायला लागत नाही, व्हरांड्यात गोल बसून नुसते संवाद म्हणायचे, हातात पुस्तक न घेता. शनिवारचे सलग तीन तास आणि मधल्या सुट्टीतलं असं दोनदा बसणं, एवढ्यात राजाचं काम बसेल. त्याचं काम 'एकदम भारी' आहे असं तूच लिहिलं आहेस, म्हणजे त्याला शून्यापासून शिकवायचं नाहीये.

रंगीत तालमी मात्र सगळ्यांना लागतात. त्या दोनच ठेव, पण तारखा आजच ठरव आणि घरी चिठ्ठी पाठव, म्हणजे कुणाचा काका, कुणाचा भाऊ घ्यायला येऊ शकेल. गॅदरिंगच्या रात्रीचंही आत्ताच बघ. शाळांमध्ये नाटक शेवटी ठेवायची पद्धत असते, कारण गर्दी टिकते. नाच, बक्षीस समारंभ आणि पाहुण्यांची भाषणं होऊन नाटक सुरू होईपर्यंत शेवटची गाडी गेलेली असते. सरांना सांगून नाटक आधी घ्यायला लाव. नाहीच जमलं तर कोण कुणाच्या घरी झोपणार, याची यादी तुझ्या वहीत हवी.

हे करताना तू सरांकडे जाणार आहेस, म्हणून त्यांच्याबद्दल. 'तू प्रमुख आहेस, तू बघ' असं म्हणणारे सर वाईट आहेत असं मला वाटत नाही. त्यांच्याकडे दोन तुकड्यांचे पेपर असतील, निवडणुकीचं किंवा सर्वेक्षणाचं काही काम असेल, आणि तुझ्यावर विश्वासही असेल. पण कुणाला नाटकातून काढायचं हे ठरवणं नववीतल्या मुलीचं काम नाही. तो निर्णय शिक्षकाचा आहे, आणि तो त्यांनी तुझ्या गळ्यात मारू नये. तू सांगली जिल्ह्यातली आहेस, तेव्हा हे तुला माहीत असेल: 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' हे मराठीतलं पहिलं मानलं जाणारं नाटक उभं केलं. आपण 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा करतो आणि भाव्यांच्या तसबिरीला हार घालतो. पण त्या खेळाच्या मागं सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन होते. त्यांनीच नाटक करायला सांगितलं आणि आश्रय दिला. भाव्यांनी आख्यानं रचली, पदं रचली, माणसं शिकवली, सगळं केलं, पण 'हे होणार' असा शब्द राजाचा होता. 1851 साली चिंतामणराव गेले, आश्रय आटला, आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव हिंडावं लागलं. एवढ्या मोठ्या माणसाला जर पाठबळाशिवाय सांगलीत बसून नाटक करता आलं नाही, तर तुला ते एकटीनं जमत नाही यात लाजण्यासारखं काय आहे?

सरांकडे तक्रार घेऊन जाऊ नकोस, वही घेऊन जा. गाड्यांच्या वेळा, प्रवेशांचा तक्ता, शनिवारची मागणी. आणि तीन गोष्टी माग: शनिवारी वर्ग किंवा सभागृह उघडं राहावं, त्या वेळी एक तरी शिक्षक शाळेत असावेत, आणि कुणाला घ्यायचं-काढायचं हे सरांनी स्वतः येऊन, तालीम बघून ठरवावं. हा तक्ता तुझा आणि निर्णय त्यांचा, अशी वाटणी स्पष्ट करून घे. असा तक्ता हातात घेऊन आलेल्या मुलीला 'तू बघ' म्हणणं कुणालाही अवघड जातं. तरी म्हणालेच, तर मुख्याध्यापकांकडे जायला लाजू नकोस. शनिवारी सभागृह उघडणं शेवटी त्यांच्याच हातात असतं.

त्याआधी मात्र त्या मुलाकडे जायचं. सरांच्या आधी. ओरडलीस सगळ्यांसमोर, तेव्हा माफीही सगळ्यांसमोर. लांबण लावू नकोस. 'मी तुला येऊ नकोस म्हणाले ते चुकलं. मला तो अधिकार नव्हता. तुझी गाडी मी हिशेबात धरलीच नव्हती. शनिवारी तालीम ठेवतेय, येशील का?' बस. 'पण तू पण सांगायला हवं होतंस' हे शेपूट जोडू नकोस, कारण त्यानं सांगितलं होतं. तो लगेच 'हो' म्हणेल असं नाही. नववीतल्या मुलाला चारचौघांत हाकलून दिलं की घरीही कळतं, आणि कदाचित घरचेच म्हणत असतील की आता जायचं नाही. सरांना त्याच्या वडिलांशी दोन मिनिटं बोलायला सांग. एवढंही करून तो नाहीच आला, तर तो त्याचा निर्णय, आणि मग राजा बदलावा लागेल. तो सर बदलतील.

आणि शनिवारची सोय करूनही तो कारण न सांगता गैरहजर राहू लागला, तर? तर तेही सरांना तारखांसकट दाखव. मी त्याची वकिली करत नाहीये. वेळ सोयीची करून दिल्यावर यायची जबाबदारी त्याची.

आता मैत्रीण. पत्रात तू तिच्याबद्दल एकच ओळ लिहिलीस, पण तुला झोप लागत नसेल तर ती तिच्यामुळे लागत नसेल, असं मला वाटतं. 'मला दे, नाहीतर मैत्री संपली' हे वाक्य वाईट आहे. त्याच्याखाली दबून भूमिका देऊ नकोस, कारण मग नाटकातली प्रत्येक भूमिका अशीच मागितली जाईल, आणि आधीच 'भाव खाते' म्हणणारे 'आपल्याच लोकांना देते' असंही म्हणतील. पण वाक्य बाजूला ठेवलं तर तिचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. तिनं कुणी न सांगता एक अख्खी भूमिका पाठ केली आहे. असं माणूस नाटकाच्या मंडळींना कधीही हवंच असतं. व्यावसायिक नाटकातही कलाकार आजारी पडतो, शूटिंगला अडकतो, आणि रिप्लेसमेंट उभी राहते. तेव्हा तिला उघडपणे राजाची बदली कर. राजा नसेल त्या दिवशी तिनं त्याच्या जागा घ्यायच्या, पूर्ण आवाजात, पूर्ण हालचालींसकट, नुसतं पुस्तक धरून पुटपुटायचं नाही. हे दोघांनाही एकाच वेळी, एकमेकांसमोर सांग. त्याच्या पाठीमागं हे ठरलं तर तो पुन्हा जाईल, आणि मग तुला दोष दिला तर मी तुझ्या बाजूनं बोलणार नाही.

मुलगी राजा कशी होणार, असं कुणी म्हणालं तर हसून सोडून दे. बालगंधर्वांनी वर्षानुवर्षं स्त्रीभूमिका केल्या आणि महाराष्ट्रातल्या बायका त्यांच्यासारख्या साड्या नेसायला लागल्या. राजाच्या मिशा चिकटवायला किती वेळ लागतो?

एवढ्यावर ती खूश होणार नाही, हे मला कळतं. बदली म्हणजे शेवटी न मिळालेली भूमिकाच. म्हणून गॅदरिंगला तिच्यासाठी पाच मिनिटं माग. दिवाकरांच्या नाट्यछटा शाळेच्या ग्रंथालयात सापडतील. एकच माणूस बोलतो, समोरचा दिसत नाही, आणि तरी अख्खा प्रसंग उभा राहतो. पाठांतर पक्कं असणाऱ्या मुलीला हे काम फार शोभतं, आणि त्यात ती कुणाची बदली नसते. यावरही ती रुसून बसली, तर काही दिवस बसू दे. तू रोजच्यासारखी तिच्याशी बोलत राहा, तिच्या शेजारी डबा खा, नाटकाचा विषय काढू नकोस. त्या रुसव्याचं पुढं काय होईल ते मी सांगू शकत नाही. भूमिका देऊन टिकवलेली मैत्री पुढच्या नाटकापर्यंत टिकत नाही, एवढं मात्र पाहिलं आहे.

ओरडण्याबद्दल थोडंसं. तू ओरडतेस कारण तालीम मध्येच थांबवून प्रत्येकाची चूक तिथल्या तिथं सांगतेस, असा माझा कयास आहे. सगळेच नवे प्रमुख हे करतात. प्रवेश सुरू झाला की थांबवू नकोस, कितीही चुकला तरी. वहीत लिहित जा आणि प्रवेश संपल्यावर वाचून दाखव. 'तुला कळत नाही का' असं न म्हणता 'सिंहासनाकडे जाताना पाठ प्रेक्षकांकडे होते' असं सांग. हेच वाक्य तुझ्या सगळ्यात लाडक्या मैत्रिणीलाही त्याच आवाजात सांगता आलं पाहिजे. नाहीतर 'भाव खाते' म्हणणाऱ्यांचं थोडंसं बरोबर आहे असं समज. आणि पडद्यामागच्या मुलींना पहिल्याच शनिवारी काम दे: प्रॉपर्टीची, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तूंची यादी, काय शाळेत आहे, काय घरून आणायचं, कुठली वस्तू कुठल्या विंगेत. एकीला घड्याळ दे आणि प्रवेशांची वेळ लिहायला सांग. स्पर्धेत त्याच मुलीवर सगळं अवलंबून असतं.

वेळेवरून तुझ्या पत्रातली एक गोष्ट आठवली, जी तू सहज लिहून गेलीस. शेवटचा प्रवेश कापलात. लेखकाला विचारलंत का? गॅदरिंगपुरतं बघायचं तर 1957च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यात, 52व्या कलमात, शाळांना सवलत आहे. शिक्षक-विद्यार्थ्यांनी प्रयोग केला आणि बघायला शाळेतलीच माणसं, पालक आणि शाळेच्या कामाशी संबंधित लोक असतील, तर त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. स्पर्धेत बाहेरचे प्रेक्षक येतात, तिथं ही सवलत धरून चालू नकोस. दिवाकर 1931 साली गेले आणि हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो, म्हणून नाट्यछटेचा प्रश्न नाही. तुमच्या बालनाट्याचा आहे. पुस्तकाच्या पहिल्या पानांवर हक्क कुणाकडे आहेत आणि पत्ता काय हे छापलेलं असतं. तिथं शाळेच्या लेटरहेडवर, सरांच्या सहीनं पत्र जाऊ दे: प्रयोग कुठं, कधी, आणि कोणता भाग गाळायचा आहे. आधी 'शाळेच्या मुलांसाठी मानधनात सवलत मिळेल का' हे मोकळेपणानं विचारा. बालनाट्य लिहिणारे लेखक शाळांना बहुतेक वेळा नाही म्हणत नाहीत, पण गाळलेल्या प्रवेशाबद्दल त्यांचं काही म्हणणं असू शकतं, आणि तसं असेल तर तो प्रवेश परत बसवायला तुम्हाला शनिवार लागतील. म्हणून पत्र याच आठवड्यात टाका.

तुझी,
ताई